होडीचाही फेरफार हवा

विनानोंदणी बोटींवर कारवाईची बातमी आली की कोकण किनाऱ्यावर ठरलेले दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नंबर नसलेली प्रत्येक बोट जप्त करा, सुरक्षेच्या बाबतीत दयामाया नको. दुसरा म्हणतो, कोळी, खारवी, गाबीत, भंडारी पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जातात, त्यांच्याकडे कागद मागायचा कसला? दोन्हीकडे आवाज चढतो आणि दोन्हीकडे एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते, की कागद नसलेली होडी म्हणजे नाखव्याने नोंदणी टाळलेली होडी. जुन्या, घरात चालत आलेल्या लाकडी होड्यांची अवस्था पुष्कळदा वेगळी असते. त्यांची नोंद कधीतरी झालेली असते. ज्याच्या नावाने झाली तो माणूस वारलेला असतो. होडी मुलाकडे, मग नातवाकडे आली, नोंद मात्र आजोबांपाशीच थांबली.

नोंदणी सक्तीचीच हवी, यात मला शंका नाही. पण वारसाने आलेल्या होडीला नव्या होडीच्या दारातून आत घेण्याची सध्याची रीत चुकीची आहे. जमिनीला वारस फेरफार असतो, म्हणजे नोंदीत मृताच्या जागी वारसांची नावे लागतात, तसा तो होडीलाही हवा, कमी कागदांचा, मुदतीत संपणारा आणि गावाच्या साक्षीने होणारा. असा फेरफार नाही म्हणूनच प्रामाणिक माणसे बेकायदा ठरतात, आणि ज्यांना नंबरचा व्यापार करायचा आहे त्यांचे फावते.

आधी कागदांची उतरंड पाहू, कारण वादात बोलणारे बहुतेक जण दोन वेगळे कागद एकच समजतात. एक असते नौकेची नोंदणी. तिचा आधार केंद्राचा १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा. मासेमारी नौकांसाठी त्यात १९८३ साली स्वतंत्र भाग घातला गेला, आणि अर्ज आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीतून होतो. दुसरा असतो मासेमारीचा परवाना. तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळतो आणि त्याचे नूतनीकरण करत राहावे लागते. नोंदणी सांगते की ही नौका कोणती आणि कोणाची. परवाना सांगतो की ती कोणत्या जाळ्याने मासे धरणार. डिझेलवरच्या कराचा परतावा, मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत (सोसायटीमार्फत) मिळणारे कर्ज, वादळानंतरची भरपाई, सगळे या दोन कागदांवर उभे असते. मालक वारला की परवान्याच्या अर्जावर सही कोण करणार, इथेच पहिली गाठ बसते. नोंदणी वारसाच्या नावे होत नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून परतावा नाही, आणि या अवस्थेत होडी पाण्यात उतरवली तर दंड. २०२१ च्या दुरुस्तीने राज्याच्या कायद्यातले दंड लाखांच्या घरात नेले आहेत. ३० फुटी होडीवर चार माणसे पोसणाऱ्या घराला असा एक दंड म्हणजे होडी विकायची पाळी.

आता समजा, अशी एक ३० फुटी होडी आहे. आजोबांनी गावच्या मेस्त्रीकडून बांधून घेतली तेव्हा ती शिडावर चालायची. पुढे तिच्यात इंजिन बसले, कधीतरी बंदर खात्याच्या वहीत नाव लागले. नातू आज ती आपल्या नावावर करायला जातो तेव्हा त्याच्यापुढे काय काय येते? पहिली मागणी बांधणी दाखल्याची, म्हणजे ज्याने होडी बांधली त्याची सही. मेस्त्री जाऊन २० वर्षे झालेली असतात. त्या काळी लाकूड बाजारातून आणि सुतारकाम रोजाने होत असे, पावती कोणी देत नसे, कोणी मागतही नसे. दुसरी मागणी इंजिनाच्या बिलाची. जुन्या होड्यांत ट्रकचे जुने इंजिन दुरुस्त करून बसवायची पद्धत सर्रास होती, आणि एकदा बसवलेले इंजिन पुढे दोनतीनदा बदललेले असते. वहीतला इंजिन क्रमांक एक, समोर बसलेल्या इंजिनावरचा दुसरा, मधल्या बदलाची नोंद नाही. तिसरी अडचण नावाची. जुन्या वह्यांत आडनावाच्या जागी सरसकट ‘कोळी’ लिहिलेले सापडते आणि आधार कार्डावर भोईर किंवा मेहेर असते. वडिलांचे घरचे नाव वहीत आणि शाळेतले नाव मृत्यू दाखल्यावर, हेही नेहमीचे. अशा वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केले आहे, हे माहीत नसल्यामुळे माणसे स्टॅम्पपेपर विकत घेतच राहतात.

चौथी अडचण मापाची. टनेज काढताना होडीची लांबी, रुंदी आणि खोली यांवरून आतली जागा मोजतात. १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे एक टन. आता ९ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि ०.९ मीटर खोल होडी घ्या. तिघांचा गुणाकार १७.८२ येतो. खोली मोजताना टेप फक्त १० सेंटीमीटर वर धरला तर तोच १९.८ होतो, ११ टक्के फरक! एकाने तळफळीपासून मोजले, दुसऱ्याने पठाणापासून, म्हणजे तळाच्या मुख्य आडव्या लाकडापासून, तर एकाच होडीच्या दोन होड्या होतात. त्यातच मधल्या काळात लाकडावर फायबर चढवले असेल तर बाहेरची मापे आणखी बदलतात, आणि ‘ही वहीतली होडी नव्हे’ असा शेरा येतो. पाचवी अडचण जुन्या कर्जाची. आजोबांनी संस्थेमार्फत कर्ज काढले होते, ते फिटलेही, पण नोंदीवरचा बोजा उतरवायचा राहिला. आता संस्थेचा बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, हवा. संस्था जिवंत असेल तर तो मिळतो. अवसायनात, म्हणजे गुंडाळली गेलेली असेल तर बेबाकी देणार कोण?

या सगळ्यावर कळस म्हणजे वारसाचा पुरावा. बरेचदा उत्तराधिकार प्रमाणपत्र आणायला सांगितले जाते, आणि ही मागणी कुठून आली ते समजून घेतले पाहिजे. १९५८ च्या कायद्यात मोठ्या जहाजाचा मालक वारला तर वारसाने उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) दाखवावे अशी अपेक्षा होती. मालवाहू जहाजाच्या मालकाला ते जड नाही, त्याच्या पदरी वकील असतो. तीच सवय होडीला लावली गेली. मुळात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हे प्रमाणपत्र मृताची येणी आणि रोखे यांच्यासाठी आहे : बँकेतली ठेव, शेअर, कोणाकडून येणे असलेली रक्कम. ऋणकोने पैसे चुकीच्या वारसाला दिले असे होऊ नये यासाठी ती सोय. लाकडाच्या होडीला हे माप बसत नाही. महाराष्ट्रात त्याऐवजी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयाकडून वारस प्रमाणपत्र घेता येते, पण त्यासाठीही अर्ज, जाहीर नोटीस, तारखा, वकिलाची फी. ज्या होडीची बाजारात किंमतच दोनतीन लाख, तिच्यासाठी मच्छीमाराने तालुक्याच्या न्यायालयात वर्षभर खेटे घालायचे?

कायदेशीर मालकीचा विचार केला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. होडी ही जंगम मालमत्ता. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे जंगम वस्तूची विक्री तोंडीही होऊ शकते, पैसे दिले आणि वस्तू ताब्यात दिली की व्यवहार पुरा होतो. चुलत्याने होडी पुतण्याला चारचौघांत दिली, सोसायटीच्या अध्यक्षासमोर पैसे मोजले, यात बेकायदा काही नव्हते. वारसाची मालकी तर मृत्यूच्या क्षणी कायद्यानेच येते; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांचे हक्क त्याच घटकेला उभे राहतात. म्हणजे सरकारी नोंद मालकी निर्माण करत नाही, असलेली मालकी लिहून घेते. हे एकदा मान्य केले की कार्यालयाचे काम हलके होते. त्याने न्यायनिवाडा करायचा नाही. जे दिसते ते नोंदवायचे आणि कोणी हरकत घेतली तर थांबायचे.

यावर येणाऱ्या आक्षेपांपैकी सुरक्षेचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो झटकून टाकणे बेजबाबदारपणाचे होईल. नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी मुंबईपर्यंत आले ते एका मासेमारी नौकेतून, तिच्यावरच्या माणसांचे खून पाडून. त्यानंतरच देशभर एकसारखे नोंदणी क्रमांक, राज्यवार रंग आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांची मोहीम जोरात आली. हे सगळे आवश्यक होते. पण त्या घटनेतून नेमके काय शिकायचे? ‘कुबेर’ ही पोरबंदरची रीतसर नोंदलेली नौका होती. तिच्यावर नंबर होता, तिचा मालक माहीत होता. उणीव होती ती ही, की त्या नौकेवर आता कोण आहे हे वेळेत कोणाच्या ध्यानात आले नाही. आणि मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. सुरक्षा उभी राहते ती किनाऱ्यावरची कोणती होडी कोणाची आणि आज तिच्यावर कोण आहे हे ठाऊक असण्यावर. मग नोंदवहीत मेलेल्या माणसाचे नाव ठेवणे हा सुरक्षेचा कोणता प्रकार? रात्री होडी परतली नाही आणि घरच्यांनी तटरक्षक दलाच्या १५५४ वर किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर फोन केला, तर शोध सुरू करणाऱ्याला नोंदीत मिळणार ते १५ वर्षांपूर्वी वारलेल्या मालकाचे नाव. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला लहान नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडरची, म्हणजे नौकेवरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांची, राष्ट्रीय योजना सुरू झाली. यंत्राचा इशारा उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचेलही, पण तो ज्या नोंदीशी जोडायचा तीच शिळी असेल तर पडद्यावरच्या ठिपक्याचा माणूस सापडायला वेळ जाणार, आणि समुद्रात तो वेळ नसतो.

दुसरा आक्षेप धंद्यातले लोक घेतात, आणि तो मला पहिल्यापेक्षाही कठीण वाटतो. नव्या नौकेची परवानगी दुर्मीळ झाली की जुन्या नंबरला भाव येतो. मोडीत निघालेल्या होडीचा नंबर नव्या, मोठ्या सांगाड्यावर चढवला जातो. कागदावर ३० फूट, पाण्यात ५० फूट. कधी होडी अस्तित्वातच नसते आणि तिच्या नावाने डिझेल उचलले जाते. वारस नोंद सोपी केली तर उद्या मेलेल्या प्रत्येक होडीला वारस फुटतील, असे हे लोक म्हणतात. भीती खरी आहे. पण हा गैरप्रकार आज चालतो कशाच्या जोरावर? कागदांच्याच. बांधणी दाखला, बिल, प्रतिज्ञापत्र हे सगळे पैसे टाकून उभे करता येते, आणि ज्याला ५० फुटी बोट परवडते त्याला ते सहज परवडते. ज्याच्याकडे खरी होडी आहे आणि पैसा नाही, तोच या चाळणीत अडकतो. म्हणून तपासणीचा भर कागदावरून काढून लाकडावर आणला पाहिजे.

लाकूड बरेच सांगते. जुन्या होडीच्या फळ्या बदलतात, वाक (आतल्या फासळ्या) बदलतात, नाळेचा (पुढच्या टोकाच्या लाकडाचा) वरचा भागही बदलतो. पठाण मात्र बहुधा शेवटपर्यंत तोच राहतो, कारण तो बदलायचा तर होडीच नव्याने बांधावी लागते. होडीची ओळख पठाणाशी बांधा. त्याची लांबी पुढच्या सांध्यापासून मागच्या सांध्यापर्यंत मोजा, आतल्या बाजूने त्यावर नोंदणी क्रमांक कोरून किंवा डागून घ्या, त्याचे आणि नाळेच्या जोडाचे जवळून फोटो काढून नोंदीला जोडा. बाहेर रंगवलेला नंबर एका दुपारीत पुसून दुसऱ्या बोटीवर चढवता येतो, पठाणात कोरलेला तसा जात नाही. ३० फुटी होडीचा पठाण ५० फुटी बोटीत बसवता येत नाही, आणि लांबवला तर जोड उघड दिसतो. ज्या दिवशी हे सुरू होईल त्या दिवशी नंबरचा व्यापार अवघड होईल आणि खऱ्या वारसाला बांधणी दाखल्याची गरज उरणार नाही, कारण होडी स्वतःच समोर उभी असेल.

तिसरा आक्षेप जिवाच्या सुरक्षिततेचा. ४० वर्षांच्या लाकडी होडीला कागद देऊन माणसांना बुडवायला पाठवायचे का? प्रश्न रास्त आहे. लाकडाला समुद्री कीड लागते, ती बाहेरून टाचणीएवढी भोके पाडते आणि आतून फळी पोकळ करते. लोखंडी खिळे गंजून त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे आणि मऊ पडते. सर्वांत फसवे असते ते फायबरचे अस्तर. ओल्या लाकडावर ते चढवले तर ओल आतच कोंडते, बाहेरून होडी चकचकीत आणि आत फळी कुजत राहते. पण यातले काहीही मालकीच्या कागदावरून कळत नाही. ते कळते हातोडीने. चांगल्या फळीवर ठोका खणखणीत येतो, कुजलेल्या किंवा सुटलेल्या अस्तरावर बद्द. टोकदार खिळा पाणरेषेजवळच्या फळ्यांत, पठाणाच्या कडेला आणि नाळेच्या जोडात दाबून पाहिला की दहा मिनिटांत होडीची तब्येत समजते. जिची नोंदच नाही त्या होडीची अशी तपासणी कधीच होत नाही. वारस नोंद सोपी करणे म्हणजे तपासणी सैल करणे नव्हे. उलट आज तपासणीबाहेर असलेल्या होड्या त्यामुळेच समोर येतील. मालकी सिद्ध आहे पण होडी धड नाही, तर नाव लावा आणि दुरुस्तीपर्यंत परवाना रोखा. हे दोन निर्णय वेगळे ठेवता आले पाहिजेत.

समुद्रात बोटी जास्त झाल्या, जुन्या मरू द्या, असेही काही पर्यावरणाचे अभ्यासक म्हणतात. मासे कमी होत आहेत हे खरेच. पण संख्या घटवायची तर ती उघड धोरणाने, मोबदला देऊन आणि जास्त ओरबाडणाऱ्यांपासून घटवायला हवी. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आणले ते याच विचाराने. कागदाच्या अडचणीने मरते ती डोल, मरवली अशा साध्या जाळ्यांची लहान होडी, जिची भूक सर्वांत कमी. ही घट चुकीच्या टोकाने होते आहे.

आता दुसऱ्या तटाकडे वळू, ज्याला नोंदणीच नको आहे. त्यांचा अभिमान मला समजतो, पण त्यांनी इतिहास अर्धाच वाचला आहे. या किनाऱ्यावर कागद काल आलेला नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज कार्ताझ, म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना, विकत होते. तो नसलेले गलबत त्यांच्या लेखी लुटीचा माल. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक घ्यायला लावले आणि इंग्रजांनी ते मानायचे नाकारले तेव्हा संघर्ष पेटला. कारण दर्यावर कोणाचा कागद चालतो यावरच दर्या कोणाचा हे ठरत होते. १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांबरोबर मासेमारीच्या नौकांनाही नोंद आणि रंगवलेला क्रमांक लागू केला. प्रत्येक वेळी कागद दोन्ही कामे करत आला, पिळणुकीचे आणि संरक्षणाचे. ज्याच्यापाशी तो नव्हता त्याची पिळणूक टळली नाही, संरक्षण तेवढे गेले. आज निसर्ग किंवा तौक्तेसारख्या वादळाने होडी खडकावर आपटली की पंचनाम्यात पहिला प्रश्न नोंदणीचा येतो. बंदर, पूल किंवा भरावाच्या प्रकल्पात मासेमारी क्षेत्र गेले की बाधितांच्या यादीसाठी पुन्हा तोच प्रश्न. परंपरा आहे असे सांगून त्या यादीत नाव लागत नाही. नोंदणी नाकारणारा पुढारी भाषण करून निघून जातो, आणि यादीबाहेर राहते ती विधवा, जिच्या नवऱ्याची होडी तिच्या नावावर कधी झालीच नाही.

मग करायचे काय, याचे नमुने याच राज्यात तयार आहेत. शेतजमिनीचा मालक वारला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, ती चावडीवर लागते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर नोंद वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते आणि तिची वेगळी चौकशी होते. शेतकऱ्याला त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मृतांची नावे सातबाऱ्यावर तशीच राहिली आहेत हे लक्षात आल्यावर राज्याने १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर चालवली, म्हणजे शेतकऱ्याने खेटे घालायच्या ऐवजी यंत्रणाच गावात गेली. त्याच एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. दर्जा समान असेल तर वारस नोंदीची रीतही समान का नको? मच्छीमाराची शेती पाण्यात आहे आणि तिचा सातबारा म्हणजे होडीचे नोंदणीपत्र. लाखो एकरांचे वारस गावच्या चावडीवर ठरवणारे राज्य ३० फुटी होडीचा वारस ठरवायला घाबरते, याला समर्थनीय कारण मला सापडत नाही.

जमीन स्थावर असते, होडी पळवता येते, तुलना कशी करता, असे कोणी विचारील. ठीक, मग मोटारसायकल घ्या, तीही पळवता येते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत कळवले तर पुढे नाव बदलेपर्यंत तीन महिने त्याला वाहन वापरता येते. २०२१ पासून तर वाहनाच्या नोंदणीतच नामनिर्देशन करता येते. होडीच्या नोंदणीतही तसाच रकाना हवा, आणि मृत्यूनंतर कळवलेल्या वारसाला चालू हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ३१ मेपर्यंत, जुन्याच परवान्यावर मासेमारी करू द्यावी. मालक नोव्हेंबरात गेला तर घराने डिसेंबर ते मे हा कमाईचा काळ कोरडा काढावा, अशी सक्ती करून कोणाचे भले होते?

भावंडांचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागेल. आज सोपा मार्ग म्हणून बहिणींकडून ना हरकत पत्रे घेतात आणि होडी थोरल्याच्या नावे जाते. एक बहीण दूर दिलेली असते, तिची सही राहते, आणि सगळे अडते. किंवा तिच्यावर दबाव आणून सही घेतली जाते, जे त्याहून वाईट. हक्क सोडल्याशिवाय नोंद नाही, ही अटच चूक आहे. १९५८ च्या कायद्याने जहाजाची मालकी दहा हिश्शांत मांडली होती. होडीलाही सर्व वारसांची नावे हिश्शासह लावावीत आणि त्यांच्यापैकी एकाला जबाबदार चालक मालक नेमावे, ज्याची सही परवान्याला चालेल आणि ज्याला दंड, इशारा, फोन जाईल. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायच्या जाळ्याच्या, ओढीत प्रत्येकाचा वाटा ठरवून देणाऱ्या, होडीचा वाटा वेगळा आणि जाळ्याचा वेगळा काढणाऱ्या समाजाला हिश्शाची भाषा शिकवावी लागणार नाही.

पुराव्यासाठीही किनाऱ्यावर साधने आहेत, फक्त ती ग्राह्य धरायला हवीत. मच्छीमार सोसायटीच्या डिझेल आणि बर्फाच्या वह्यांत वर्षानुवर्षे होडीचे नाव लागलेले असते. बंदर शुल्काच्या पावत्या, जुना परवाना, कर्जाचे हप्ते भरल्याच्या नोंदी, यांपैकी कोणतेही दोन जुळले आणि पठाणाचे माप वहीतल्या लांबीशी ठरावीक फरकात बसले, तर बांधणी दाखला मागू नये. इंजिनाचे बिल नसेल तर आज बसलेल्या इंजिनाचा क्रमांक आणि सिलिंडर पंचनाम्यात लिहून तेवढाच पुढे धरावा; ते चोरीचे आहे का हे पोलिसांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. अवसायनात गेलेल्या सोसायटीची बेबाकी अवसायकाने किंवा सहायक निबंधकाने ठरलेल्या मुदतीत द्यावी, नाहीतर बोजा उतरला असे धरावे. नोटीस ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि जेटीवर ३० दिवस लावावी. आपल्या गावची कोणती होडी कोणाची, हे जेटीवर बसणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही कार्यालयाला असणार नाही. खोटा वारस तिथे एका दिवसात उघडा पडतो.

हे काम करायला वेगळा काळ शोधायलाही नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर आणलेल्या, शाकारलेल्या असतात, पठाण उघडा असतो, मालक आणि खलाशी घरी असतात. मोजायला, ठोकून पाहायला, क्रमांक कोरायला आणि फोटो घ्यायला याहून चांगली वेळ नाही. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना अधिकारी, सर्वेक्षक, ग्राम महसूल अधिकारी आणि सोसायटीचा सचिव असे चौघे एका जेटीवर आठवडाभर बसले तर त्या गावच्या जुन्या होड्यांचे पंचनामे पुरे होतील. नोटिशीचे ३० दिवस बंदीच्या काळातच संपतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात जाईल तेव्हा तिच्या कागदावर आजोबांच्या नावाखाली आजच्या माणसांची नावे लागलेली असतील. १९५८ च्या कायद्याची जागा घेणारा नवा व्यापारी नौवहन कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला आहे. त्याखालच्या नियमांत आणि राज्याच्या परवाना पद्धतीत लहान नौकेच्या वारस नोंदीचे स्वतंत्र कलम घालून घ्यायचे, तर किनाऱ्यावरच्या आमदार-खासदारांनी आणि मच्छीमार संघांनी मागणी करायची वेळ आताच आहे.